सूट मिळण्याबाबतचा अर्ज

ही गोष्ट दोन हजार वीस सालची. मार्चमध्ये लॉकडाउन लागला तेव्हा मला नुकतंच सत्तरावं लागलं होतं. माझे यजमान पुंडलिकराव भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून, जिथे रूळ बनतात, निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. प्लांटच्या सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आम्ही भिलाईतच कोहक्याला स्वतःच्या घरात राहत होतो. मुलगी समीक्षा लग्न होऊन नागपूरला गेलेली. घरात आम्ही दोघं आणि आमचा एक्केचाळीस वर्षांचा प्रफुल्ल.

प्रफुल्ल अकराव्या वर्षापासून आंधळा आहे. काचबिंदू होता, आमच्या लक्षात उशिरा आला. आता दिव्यांग म्हणायची पद्धत आहे, पण तो स्वतःला आंधळाच म्हणतो, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याला राग येतो. नंदिनी रोडच्या बाजूला एका लहान फाउंड्रीत तो सोळा वर्षं काम करत होता. रेल्वेच्या चाकांना जे ओतीव लोखंडाचे ब्रेकचे ठोकळे लागतात, ते तिथे तयार होत. ओतलेल्या ठोकळ्यात कधी कधी बारीक चीर राहते, ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक ठोकळा लहान हातोडीने वाजवून बघावा लागतो. चांगला ठोकळा लांब वाजतो, चिरलेला बद्द बोलतो. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच. ही हातोडी प्रफुल्लच्या हातात होती. त्याने बाजूला काढलेला ठोकळा गाडीत चढत नसे.

फाउंड्रीतला ओमप्रकाश मिस्त्री त्याला सकाळी मोटारसायकलवर मागे बसवून नेई आणि संध्याकाळी आणून सोडी. प्रफुल्लकडे पांढरी छडी होती, पण ती गल्लीपुरती, किराणा दुकानापुरती. नंदिनी रोडच्या ट्रकांमधून एकट्याने जाणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

माझा गुण म्हणा की खोड म्हणा, ती अर्ज लिहिण्याची. मी मॅट्रिक झालेली, हिंदी अक्षर छापल्यासारखं. सेक्टरमध्ये होतो तेव्हा आमच्या अख्ख्या लाइनीचे अर्ज मी लिहिले. शेजारचे राव तेलुगू, त्यांच्या पलीकडचे बिस्वाल ओडिया. सगळे प्लांटमध्ये घाम गाळत आणि सुटी पाहिजे असली की बायकोला माझ्याकडे पाठवत. क्वार्टर बदलीचा अर्ज, नळ गळतो त्याचा अर्ज, पोराच्या ॲडमिशनचा अर्ज. मी एक प्रत ऑफिसला द्यायला लावी आणि दुसरीवर शिक्का मारून घ्यायला लावी. शिक्का आला की माणूस निश्चिंत. पुंडलिकराव एकदा कावीळ होऊन चार महिने अंथरुणावर होते. परत गेले तेव्हा त्यांच्या लॉकरला त्यांच्याच नावाची चिठ्ठी होती आणि आत त्यांचे बूट तसेच. भिलाईत आमच्या पिढीने ड्यूटी ही अशी पाहिली. ती आपली वाट बघत थांबते.

मे महिन्यात फाउंड्री पुन्हा सुरू होणार असं कळलं. टीव्हीवर दिवसभर एकच सांगत होते, कशाला हात लावू नका. आणि प्रफुल्लला तर हात लावल्याशिवाय जग नाही. दार, भिंत, कप, माणूस, सगळं तो बोटांनी बघतो. त्याचे डोळे बोटांत आणि रोगही बोटांवर, असं माझ्या मनाने घेतलं.

त्याच दिवसांत मी पेपरात वाचलं की सरकारी कार्यालयांतल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना कामावर येण्यातून सूट मिळाली आहे. सरकारी हा शब्द मी वाचला नाही असं नाही. वाचला आणि सोडून दिला. जे सरकारला कळतं ते फाउंड्रीवाल्याला कळणार नाही का, असं मला वाटलं.

मी अर्ज लिहिला. विषय, महामारी समाप्त होईपर्यंत कामावर येण्यातून सूट मिळण्याबाबत. प्रफुल्लला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे मला ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाही. त्याला म्हटलं, राशनचा कागद आहे, जास्तीचे तांदूळ मिळून राहिले. सही करायची जागा मी बोटाने दाखवते आणि माझ्या बोटाला पेन टेकवून तो नाव लिहितो, ही आमची जुनी पद्धत. त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी मी ऑटोने गेले आणि फाउंड्रीच्या गेटवर ओमप्रकाशच्या हातात अर्ज दिला. दुसरी प्रत पुढे करून शिक्का मागितला.

"शिक्का तो नहीं है, अम्मा," तो म्हणाला.

"तर लिहून दे, मिळाला म्हणून."

त्याने माझ्या प्रतीवर "मिल गया" असं लिहून दिलं. मी ती घडी करून पिशवीत ठेवली आणि हलक्या मनाने घरी आले.

जून गेला, जुलै गेला. प्रफुल्ल रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून दाराशी खुर्ची टाकून बसे. ओमप्रकाशला फोन करी, तो उचलत नसे. फाउंड्रीच्या मालकाला, भूपेंद्र सेठला, फोन लावायचा त्याला संकोच वाटे. "काम कमी असेल माय, बोलावतील," असं मलाच समजावी. मी हो म्हणे. खरं सांगायचं तर ते दिवस मला बरे वाटत होते. पोरगा डोळ्यांसमोर होता, दुपारी गरम भाकर खात होता. सोळा वर्षं त्याचा डबा भरला होता, त्याला गरम जेवताना कधी बघितलंच नव्हतं. पण तो हळूहळू कमी बोलायला लागला. बसल्या बसल्या चमच्याने पितळी तांब्या वाजवी, मग स्टीलचा, मग खुर्चीचा पाय. मी तांब्या उचलून आत नेला.

सप्टेंबरात रोग आमच्या भागात खूप वाढला, तेव्हा मी स्वतःला म्हटलं, बघ, बरं केलंस.

ऑक्टोबरात एका सकाळी मी दारात तांदूळ निवडत होते. गल्लीतून एक मोटारसायकल आली आणि प्रफुल्ल खुर्चीतून उठला. आवाजावरूनच त्याने ती ओळखली.

"ओमप्रकाश भैया, रुको जरा."

ओमप्रकाशने गाडी लांबच थांबवली, तोंडावरचा गमछा नीट केला. "हाँ भाई, कैसा है?"

"फोन काहे नहीं उठाते? मार्च से घर में बैठा हूँ."

"तो छुट्टी वाला आदमी घर में ही बैठेगा ना."

"किसकी छुट्टी?"

"तेरी. तूने ही तो अर्ज़ी दी, कोरोना खतम होते तक नहीं आऊँगा करके. सेठ बोले, जिसको नहीं आना, मत आए. रूपेश को बिठा दिया तेरी जगह."

"मैंने अर्ज़ी दी?"

"दस्तखत तेरा था. अम्मा खुद गेट पे दे के गईं." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी चुकलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने गाडीला किक मारली.

गाडीचा आवाज वळणापर्यंत जाईस्तोवर प्रफुल्ल उभा राहिला. मग म्हणाला, "माय, तो राशनचा कागद नव्हता."

"नव्हता."

"काय लिहिलं होतं त्याच्यात?"

मला अर्ज पाठ होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या विनंतीपर्यंत मी तो म्हणून दाखवला. त्याने मध्ये अडवलं नाही.

"अक्षर चांगलं काढलं असशील," तो म्हणाला आणि आत गेला.

पुंडलिकराव आतून बाहेर आले. रेल मिलने त्यांचे कान जवळजवळ नेलेले, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट ओरडूनच सांगावी लागे.

"काय झालं? ओमप्रकाश आलता का?"

"मी प्रफुल्लच्या नावानं अर्ज देला होता."

"काय देला?"

"अर्ज. कामाले येत नाई म्हनून."

"कोनाले येत नाई?"

शेवटी मी इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणारी रंभा हात थांबवून ऐकत उभी राहिली. माझा गुन्हा माझ्याच तोंडून सगळ्या गल्लीला कळला. पुंडलिकराव ओट्यावर बसले.

"अवं, सेठले अर्ज देतात का कोनी?" ते म्हणाले. "तो का प्लांट होय? तिथं रोज तोंड दाखवा लागते. तोंड दिसलं नाई का मानूस मेला, बस. तू तर त्याले लिहूनच देलं का मेलो म्हनून."

एक्केचाळीस वर्षांचा आंधळा माणूस, सगळीकडे कामं बंद पडलेली. ही जागा गेली तर दुसरी मिळणार नव्हती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दोन दिवस प्रफुल्ल माझ्याशी बोलला नाही. माझ्या हातचं जेवला, पण ताटात काय कुठे वाढलं हे विचारलं नाही, स्वतःच चाचपून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने संकोच सोडून भूपेंद्र सेठला फोन लावला, आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. चूक घरातून झाली, मला यायचं आहे, एवढंच तो म्हणाला. माझं नाव घेतलं नाही.

"देख प्रफुल्ल, मेरे को तेरे से शिकायत नहीं है," सेठ म्हणाला. "पर तेरे को लाएगा कौन? बाइक पे डबल सवारी पे चालान काट रहे हैं. हाथ पकड़ के चलना भी मना. ऊपर से चेकिंग आती है, दो गज दूरी, दो गज दूरी. किसी को कुछ हो गया तो मेरी भट्ठी सील हो जाएगी. कोरोना जाने दे, फिर देखेंगे."

फोन ठेवल्यावर प्रफुल्ल अंगणात जाऊन वेलाच्या मांडवाचे बांबू चाचपून आला. मग म्हणाला, "बाबा, मांडवाचा एक बांबू काढून द्या. सहा फुटांच्या वर पायजे."

"काय करतं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"एक टोक समोरच्याच्या हातात, एक माझ्या. हात धरा लागत नाई. सेठची दोन गज दूरीही होऊन जाते."

मी नको म्हणाले. इथे मला थोडं मागचं सांगितलं पाहिजे. तुमसरजवळच्या माझ्या माहेरच्या गावी एक आंधळा होता. त्याची बायको काठीचं एक टोक धरून पुढे चाले, दुसरं टोक धरून तो मागे, आणि दोघं दारोदार पीठ मागत. प्रफुल्लचे डोळे गेले त्या वर्षी सासूबाईंनी कौतुकाने तशीच एक काठी तासून घेतली होती. मी ती मोडून शेगडीत घातली. त्यानंतर तीस वर्षं आमच्या घरात त्याला कुणी काठीने ओढत नेलं नाही. हात धरला, खांदा दिला, दंडाला धरलं, पण काठी नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. पहिल्यांदाच.

"माय, तो पीठ मागाले जात होता," प्रफुल्ल म्हणाला. "मी कामाले चाललो."

"लोक तेवढं पाहत नाईत रे."

"मलेही लोक दिसत नाईत. बराबर झालं." मग म्हणाला, "अर्ज तू लिहिला ना? आता बांबू तूच धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही निघालो. पुंडलिकरावांनी बांबूच्या गाठी घासून दिल्या होत्या. पुढचं टोक माझ्या हातात, मागचं त्याच्या. गल्लीच्या तोंडाशी रंभा झाडत होती. "अंजनाबाई, सकाळी सकाळी लेकाले नांगराले लावून कुठं चालली?" तिने विचारलं. मागून प्रफुल्ल म्हणाला, "ड्यूटीले, मावशी. बैल नवा आहे, जरा बाजूले व्हा." रंभा खराटा टेकून हसत बसली. बैल मी होते, हे मला चार पावलं पुढे गेल्यावर कळलं.

चौकात भाजीवाल्याच्या गाडीला माणसं चिकटली होती आणि एक हवालदार त्यांना हाकलत होता. त्याने आम्हाला पाहिलं. मी मान खाली घातली. आता हा भीक म्हणून काहीतरी देऊ करतो की काय, अशी मला धास्ती. तो मात्र काठी आमच्याकडे करून लोकांना म्हणाला, "इनको देखो. बूढ़ी अम्मा को समझ में आता है, तुम लोगों को नहीं आता. पूरा दो गज." भाजी घेणारे सगळे वळून आमच्या बांबूकडे बघायला लागले. तीस वर्षं ज्याची लाज धरली, ते भर चौकात नियमाचं उदाहरण होऊन बसलं. मी मान वर केली. चालणं सोपं झालं.

पाऊण तास लागला. गेटपाशी भूपेंद्र सेठ पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून बसला होता, मास्क हनुवटीखाली. आम्हाला बघून त्याने तो वर केला. "ये क्या है?"

"दो गज, सेठ," प्रफुल्ल म्हणाला. "टेप लगा के देख लो."

सेठने खरंच ओमप्रकाशला टेप लावायला सांगितलं. साडेसहा फूट भरला. माझ्या पिशवीत पुन्हा कामावर घेण्याबाबतचा नवा अर्ज होता. निघताना प्रफुल्लने बजावलं होतं, कागद काढशील तर मी परत फिरीन. मी पिशवीत घातलेला हात बाहेर काढला.

सेठने त्याला आतल्या शेडमध्ये नेलं. तिथे ठोकळ्यांचा एक ढीग होता आणि त्याच्याजवळ विशीतला एक मुलगा उभा होता, सेठचा भाचा रूपेश. "ये इसका पास किया हुआ माल है," सेठ म्हणाला. "बजा के बता, कैसा है."

प्रफुल्ल आपल्या जुन्या स्टुलावर बसला. हातोडीच्या दांड्याला रूपेशने चिंधी गुंडाळली होती. ती त्याने आधी सोडून टाकली. मग एकेक ठोकळा डाव्या हातावर तोलून वाजवायला लागला. मी दाराशी उभी राहून देवाला म्हणत होते, एक तरी चिरलेला निघू दे. एक निघाला की याची किंमत कळेल. दुसऱ्याच्या पोराचं काम वाईट निघावं म्हणून मी नवस बोलत होते, हे मी लपवत नाही.

ढीग संपला. प्रफुल्लने हातोडी खाली ठेवली. "सब ठीक है, सेठ. लड़के ने अच्छा किया है."

एवढं चालत येऊन हा स्वतःच्या हाताने स्वतःची जागा त्या मुलाला देऊन मोकळा झाला, असं वाटलं. पण तेवढ्यात रूपेशच पुढे आला.

"मामा, अब मेरे को छोड़ दो ना," तो म्हणाला. "एक-एक को तीन-तीन बार बजाता हूँ, फिर भी डर लगता है कि गलत को तो पास नहीं कर दिया. खाना खाते समय भी कान में टन-टन. भैया एक बार में बता देते हैं."

सेठने ढिगावर एक नजर टाकली. "पूरे ढेर में एक भी खराब नहीं मिला तेरे को?" त्याने प्रफुल्लला विचारलं.

"नहीं है, तो कहाँ से मिलेगा?"

सेठ हसला. "कल आठ बजे. रोज का लाना-ले जाना तुम जानो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "और अम्मा, अब अर्ज़ी-वर्ज़ी नहीं. बीमार पड़े तो फोन करना."

वाळूचे साचे करणाऱ्या बायका एका बाजूला उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांतली नीतू आमच्याच मागच्या गल्लीत राहायची. रोज याच रस्त्याने पायी यायची. तिला विचारावं हे इतक्या महिन्यांत कुणालाच सुचलं नव्हतं. ती म्हणाली, "काली ले मैं ले आहूँ, दाई. डंडा भर तो धरना हे." उद्यापासून मी आणीन, नुसता दांडाच तर धरायचा आहे. तिने ते इतक्या साधेपणाने म्हटलं की मला रडू आलं. मास्कमुळे कुणाला दिसलं नाही, हे बरं झालं.

परत येताना वाटेत एका टपरीवर प्रफुल्ल थांबला. "माय, भूक लागली." चार दिवसांत तो माझ्याकडे काही मागत होता ते हेच पहिलं. आम्ही समोसे घेतले आणि पाटाच्या कठड्यावर बांबूएवढं अंतर सोडून बसलो.

"मले भेव वाटलं होतं रे," मी म्हणाले.

"मलेही वाटते," तो म्हणाला. "पन विचाराचं होतं."

"हो."

"समोसा थंडा आहे," तो म्हणाला. मग तो खाण्यात गुंतला.

याला आता पुष्कळ दिवस झाले. नीतू दीड वर्ष प्रफुल्लला बांबूने नेत होती. पुढे तिने हप्त्यावर स्कूटी घेतली आणि तिच्या मागे बसून तो जायला लागला. नंतर तिला एका शाळेत स्वयंपाकाचं काम मिळालं आणि तिने फाउंड्री सोडली. जाण्याआधी तिने तिच्या भावाला, सुशीलला, सांगून ठेवलं. आता तो नेतो. रूपेश रायपूरला मोबाइलच्या दुकानात आहे, दिवाळीला प्रफुल्लला फोन करतो. ओमप्रकाशला दुसऱ्या लाटेत रोग झाला. तो वाचला, पण दम लागतो. सेठने त्याला गेटवर खुर्ची दिली आहे. ब्रेकच्या ओतीव ठोकळ्यांचं काम कमी झालं तेव्हा फाउंड्री बंद पडणार असं वाटलं होतं. पण भूपेंद्र सेठने गटाराची झाकणं ओतायला घेतली. ती वजनाला जड, प्रफुल्लला बसून वाजवता येत नाहीत. तो उभ्याने वाजवतो आणि संध्याकाळी कंबर शेकायला मागतो.

पुंडलिकराव दोन हजार तेवीसच्या हिवाळ्यात गेले, कुठल्या रोगाने नाही, वयाने. गेले त्या दिवशी प्रफुल्ल कामावरून येईपर्यंत जीव धरून होते. रंभा सुनेकडे वैशाली नगरला राहायला गेली, पण तिचे पापड अजून माझ्याकडे येतात.

समीक्षा म्हणते, माय, तुम्ही दोघं नागपूरला चला, इथे एकट्याने कसं व्हायचं. मीही कधी कधी बॅग काढते. मग प्रफुल्लला विचारते, आता विचारतेच, आणि तो म्हणतो, सोमवारी नव्या साच्याचा माल निघतो आहे, त्यानंतर बघू.